रँक विचारायची नाही: मेडिकलच्या ज्युनिअरला सोबत कशी करावी

होस्टेलच्या पहिल्या आठवड्यात मला चौघांनी एकच प्रश्न विचारला, "रँक किती?" मेडिकलला गेलेल्या कुणालाही या प्रश्नाचा अर्थ सांगावा लागत नाही. आकडा ऐकला की समोरच्याच्या डोळ्यांत हिशेब सुरू होतो आणि दोन सेकंदांत तुमची कॅटेगरी त्याला कळलेली असते. पाचवी होती आमच्याच मजल्यावरची सेकंड इयरची मुलगी. तिनं विचारलं, "जेवलीस का? उद्या क्लॅव्हिकल आहे. हाड कधी हातात घेतलंयस?"

मी नाही म्हणाले. तिनं पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली, फडक्यात गुंडाळलेलं एक हाड काढलं आणि माझ्या हातात दिलं. "हे टोक जाड, चौकोनी, ते छातीकडचं. हे चपटं, ते खांद्याकडचं. ही लांबट खाच आहे ना, ती बाजू खाली धर. आता जाड टोकाकडचा फुगवटा पुढं येऊ दे. कुठल्या बाजूला बसतंय?" मी स्वतःच्या गळ्याखाली लावून बघितलं. "डावीकडे." "झालं. उद्या डिसेक्शन हॉलमध्ये सरांनी विचारलं तर हात वर करायचा."

दुसऱ्या दिवशी मी हात वर केला. त्या एका उत्तरावर मी पुढचे दोन महिने काढले.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तांड्यावरची. घरात गोरमाटी, म्हणजे आमची बंजारा बोली, आश्रमशाळेत मराठी, अकरावीपासून इंग्रजी पुस्तकं. याडी-बापू, म्हणजे आई-वडील, ऊसतोडीला जातात, अजूनही. सध्या मी मेडिसिनची जेआर टू, म्हणजे पीजीच्या दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर आहे. सेकंड इयरला असताना आम्ही तिघींनी होस्टेलवर ज्युनिअरांना सोबत करायचं काम सुरू केलं, ते अजून चालू आहे. दुसऱ्या कॉलेजची पोरं विचारतात, "तुम्ही नेमकं करता काय?" म्हणून हे लिहितेय. आमचा अनुभव सरकारी कॉलेजचा आणि एमबीबीएसचा आहे, पण नर्सिंग किंवा आयुर्वेदवाल्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

एक गोष्ट आधीच सांगते. धीर देणारे पुष्कळ भेटतात. डॉक्टरांच्या घरातल्या पोरांना ज्या गोष्टी जेवता जेवता कळतात, कुठलं पुस्तक घ्यायचं नाही, जर्नलवर सही कधी घ्यायची, कुठल्या सरांना आकृती लागते, त्या आपल्या पोरांना वेळेवर सांगणारं कुणी नसतं. ते सांगणं हेच काम आहे.

कुणाला घ्यायचं, कुणी घ्यायचं

कॅटेगरीच्या यादीवरून पोरं निवडू नका. पहिल्या वर्षी आम्ही तेच केलं. एका चांगल्या मनाच्या शिक्षकांनी यादी दिली, आम्ही एकेकाला निरोप धाडले. आठ दिवसांत त्याला 'कोटावाल्यांचा क्लास' असं नाव पडलं आणि ज्यांना खरी गरज होती तेच यायचे बंद झाले. जो शिक्का पुसायचा, तोच आम्ही ठळक केला होता.

आता आम्ही अख्ख्या बॅचला सांगतो आणि एका कागदावर तीन प्रश्न देतो. दहावी कुठल्या माध्यमातून झाली? घरात, नात्यात कुणी डॉक्टर आहे का? रात्री अकराला अडचण आली तर फोन कुणाला कराल? तिसऱ्या प्रश्नापुढची जागा ज्यांनी कोरी सोडली त्यांच्याकडे आधी जायचं. यात ओपनमधली शेतकऱ्यांची पोरंही सापडतात, आणि कॅटेगरीतली पण आईवडील दोघं प्राध्यापक असलेली पोरं आपोआप मागं राहतात. कागदाच्या तळाशी एक ओळ असते: 'मेंटॉर कुणी विशिष्ट हवा किंवा हवी असेल तर लिहा, कारण विचारणार नाही.' काही मुली मुलगीच मागतात. काहींना आपल्या भागातलं, आपल्या समाजातलं कुणीतरी हवं असतं, काहींना ते अजिबात नको असतं. दोन्ही बरोबर.

एका मेंटॉरकडे दोन ज्युनिअर. तीन घेऊ नका, तिसरा कायम सुटतो. मेंटॉर एकाच वर्षानं पुढचा असावा, म्हणजे त्याच्या जखमा ताज्या असतात. आणि टॉपरला शक्यतो मेंटॉर करू नका, हे माझं ठाम मत आहे, त्यावर भांडणंही झालीत. टॉपर नोट्स चांगल्या देतो, पण आपण कुठं अडलो होतो हे त्याला आठवतच नाही. आमचे सगळ्यात चांगले दोन मेंटॉर सप्लीला, म्हणजे नापासांच्या पुरवणी परीक्षेला पास झालेले होते.

आणखी दोन नियम. मेडिकलमध्ये एका वर्षानं मोठ्या पोरालाही 'सर' म्हणायची रीत आहे. मेंटॉरला सर-मॅम म्हणायचं नाही, ताई-दादा म्हणा, नाहीतर सरळ नावानं हाक मारा. आणि ज्युनिअरनं मेंटॉरचं एकही काम करायचं नाही. जर्नल उतरवणं नाही, मेसमधून डबा आणणं नाही, "जरा प्रिंट काढून आण" हेही नाही. तुम्ही म्हणाल एवढ्यानं काय होतंय. रॅगिंगची सुरुवात एवढ्यानंच होते, आणि करणाऱ्याला बहुतेक वेळा तो मदतच करतोय असं वाटत असतं.

कॉलेजची अधिकृत मेंटॉर-मेंटी योजना असेलच. २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमापासून सुरुवातीला फाउंडेशन कोर्सही असतो. कॉलेजच्या योजनेशी स्पर्धा करू नका. रजा, शिफारसपत्र, डीन ऑफिसचं काम यासाठी शिक्षकच लागतात. पण जे सर उद्या परीक्षेला समोर बसणार, त्यांना कुठला पोरगा सांगेल की मला फिजिओलॉजीचं एक अक्षर कळत नाही? ते तुम्हाला सांगेल.

कागद दिवाळीआधी

अभ्यासाआधी कागद. हा मुद्दा शहरातल्या मेंटॉरांना रटाळ वाटतो, पण पैशापायी पोरं जास्त खचतात.

ऊसतोडीची घरं दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्या काळात उत्पन्नाचा दाखला, वडिलांची सही, रहिवासाचा कागद, काहीच हाती लागत नाही. बाप कुठल्यातरी कारखान्याच्या फडात असतो आणि फोन चार्जिंगअभावी बंद. माझ्या पहिल्या वर्षी एका सहीसाठी मी एसटीनं नऊ तास जाऊन उसाच्या पाचटावर बसून बापूची सही घेतली होती. म्हणून दिवाळीच्या सुट्टीला घरी जायच्या आधी ज्युनिअरच्या हातात यादी द्या: उत्पन्नाचा दाखला, लागू असेल त्यांना नॉन-क्रीमीलेअर, जातवैधता प्रमाणपत्राच्या झेरॉक्स, आधारशी जोडलेलं बँक खातं, आणि वडिलांच्या सहीचे दोन-तीन साधे फॉर्म भरून. गडचिरोली-नंदुरबारकडच्या पोरांची अडचण वेगळी, तिथं तहसीलला पोचण्यातच दिवस जातो. आपल्या ज्युनिअरच्या गावचं वेळापत्रक विचारून घ्या.

महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरला म्हणजे काम झालं असं नसतं. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, मग विभागाच्या. त्रुटी निघाली तर परत तुमच्याकडे येतो, आणि ते बघितलं नाही तर मुदत संपते. दर सोमवारी स्टेटस बघायची सवय लावा. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण करावं लागतं, हेही पुष्कळांना माहीत नसतं. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी वेगळ्या योजना आहेत: अनुसूचित जातींसाठी स्वाधार, जमातींसाठी स्वयं, ओबीसी-भटक्या विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार. कोण कशात बसतं हे त्या वर्षीचं पत्रक वाचूनच सांगा, ऐकीव सांगू नका. आणि कॉलेजच्या क्लार्कशी नीट बोला. त्यांना वर्षभरात 'नमस्कार' म्हणणारी पोरं फार थोडी असतात.

मेंटॉरनं स्वतःच्या खिशातून पैसे उसने द्यायचे नाहीत. नातं बिघडतं. आम्ही वस्तूंची पेटी ठेवली: हाडं, अ‍ॅप्रन, डिसेक्शन किट, जुनी पुस्तकं, दोन स्टेथोस्कोप. वहीत नाव लिहायचं, घेऊन जायचं, वर्ष संपलं की परत करायचं.

व्हायव्हा म्हणजे बोलणं

लोक म्हणतात मराठी माध्यमाच्या पोरांना इंग्रजी शब्द येत नाहीत. खोटं आहे. नीटची प्रवेश परीक्षा देऊन आलेल्या पोराला स्वादुपिंड म्हणजे पॅन्क्रियाज हे चांगलं ठाऊक असतं. शब्द असतात, वाक्य नसतं. लिहिताना जमतं, व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, समोर परीक्षक बसला की घसा कोरडा पडतो.

आम्ही असं करतो. रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं, खोलीत उभं राहून, अंगात अ‍ॅप्रन. गंमत वाटेल, पण अ‍ॅप्रन घातल्याशिवाय भीती येत नाही, आणि भीतीचाच सराव करायचा असतो. एक विषय तीन वेळा बोलायचा. समजा रेडिअल नर्व्ह. पहिल्यांदा निव्वळ मराठीत, आजीला सांगितल्यासारखं: "कुबडी काखेत रुतत राहिली की नस दबते, मनगट लुळं पडतं, हात उलटा वर उचलता येत नाही." दुसऱ्यांदा खिचडी: "रेडिअल नर्व्ह ब्रॅकिअल प्लेक्ससच्या पोस्टीरिअर कॉर्डमधून निघते, ह्यूमरसच्या मागून स्पायरल ग्रूव्हमधून जाते, एक्स्टेन्सर मसल्सना सप्लाय करते." तिसऱ्यांदा तेच इंग्रजीत, छोट्या वाक्यांत, एका वाक्यात एकच गोष्ट. व्याकरण सुधारू नका. परीक्षकाला व्याकरण नको असतं, क्रम हवा असतो: कुठून निघते, कुठून जाते, काय करते, तुटली तर काय होतं.

पहिले चार-पाच दिवस पोरगं तिसऱ्या फेरीला गप्प उभं राहतं. राहू द्या. मध्ये बोलू नका. माझी एक ज्युनिअर अकोल्याकडची, पहिल्या दिवशी पूर्ण तीन मिनिटं गप्प होती आणि मी घड्याळाकडे बघत बसले होते. शेवटी ती म्हणाली, "सॉरी ताई." मी म्हटलं, "सॉरी नाही म्हणायचं. 'सर, हे मला येत नाही, पुढचा प्रश्न विचारा' हे इंग्रजीत म्हण." ते वाक्य आम्ही दहा वेळा घोकलं. व्हायव्हात सगळ्यात जास्त उपयोगी पडलेलं वाक्य तेच, असं तिनं नंतर सांगितलं. गप्प बसणाऱ्याला नापास करणं सोपं जातं. पुढचा प्रश्न मागणाऱ्याला परीक्षक निदान पुढचा प्रश्न तरी विचारतो.

पहिला नापास

पहिल्या पीसीत, म्हणजे एक भाग संपल्यावरच्या चाचणीत, किंवा टर्मिनलला बरेच जण आपटतात. बारावीपर्यंत तालुक्यात पहिला आलेला पोरगा, आणि शंभरपैकी एकवीस. घरी सांगता येत नाही, कारण गावानं त्याला आत्ताच 'डॉक्टर' म्हणायला सुरुवात केलेली असते.

निकालाच्या दिवशी भाषण देऊ नका, चहा पाजा. दुसऱ्या दिवशी उत्तरपत्रिका बघायला घेऊन जा आणि दोन रकान्यांत गुण मोजा: चुकलं म्हणून गेलेले आणि लिहिलंच नाही म्हणून गेलेले. बहुतेक वेळा दुसरा रकाना मोठा निघतो. पहिल्या लांब प्रश्नावर पाऊण तास घालवलेला असतो आणि शेवटचे तीन छोटे प्रश्न कोरे. हे दिसलं की 'मी ढ आहे' यातून पोरगं 'मला वेळ पुरला नाही' इथवर येतं, आणि वेळेवर उपाय असतो.

नियम मात्र कोरडेपणानं आणि लवकर सांगा. हजेरी थिअरीला ७५ टक्के, प्रॅक्टिकलला ८०. इंटर्नल, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षांचे गुण, थिअरी-प्रॅक्टिकल मिळून निदान ५० टक्के, आणि वेगवेगळं निदान ४०, नाहीतर मुख्य परीक्षेला बसता येत नाही. फर्स्ट इयर पास झाल्याशिवाय पुढं जाता येत नाही, इंजिनिअरिंगसारखी एटीकेटी इथं नाही. सप्लीला निघालात तर आपल्याच बॅचसोबत राहता, नाहीतर मागच्या बॅचमध्ये. फर्स्ट इयरला चार प्रयत्न आणि चार वर्षं, त्यापुढं नाही. हे सगळं ऑगस्टमध्येच सांगितलं तर माहिती असते. निकालानंतर सांगितलं तर धमकी वाटते.

आता माझी चूक. माझा एक ज्युनिअर बायोकेमिस्ट्रीत राहिला. मी घाईघाईनं आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं की अमक्याची सप्ली आहे, कुणाकडे चांगल्या नोट्स असतील तर द्या. अर्ध्या तासात सात जणांनी नोट्स टाकल्या. तो ग्रुपमधून बाहेर पडला आणि दोन महिने माझ्याशी बोलला नाही. मेसमध्ये मला बघून ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर जायचा. मी माफी मागितली तेव्हा एवढंच म्हणाला, "ताई, तुम्ही विचारायचं होतं." तेव्हापासून आमच्याकडे ज्युनिअरबद्दलची कुठलीही गोष्ट त्याला विचारल्याशिवाय तिसऱ्या माणसाकडे जात नाही. चांगली बातमीसुद्धा नाही.

जिथं तुमचं काम संपतं

मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवीनं आत्महत्या केली. जळगावकडची, तडवी भिल्ल समाजातली, स्त्रीरोग शास्त्रात पीजी करणारी. सिनिअरांकडून जातीवरून छळ होत असल्याच्या तक्रारी घरच्यांनी आधी केल्या होत्या. प्रकरण न्यायालयात गेलं. त्याच्या बारा वर्षं आधी, २००७ मध्ये, दिल्लीच्या एम्समधल्या भेदभावावर सुखदेव थोरात समितीचा अहवाल आला होता. त्यात होस्टेलपासून परीक्षेपर्यंत काय काय घडतं ते लिहिलेलं होतं. त्यामुळं 'आपल्याकडे असलं काही नसतं' असं म्हणणारा मेंटॉर आम्ही ठेवत नाही.

ज्युनिअर असं काही सांगायला आली तर चौकशी अधिकारी होऊ नका. 'त्याला तसं म्हणायचं नसेल' हे वाक्य गिळून टाका. ऐका, आणि तिच्यासमोरच तिच्या शब्दांत लिहून काढा: तारीख, वेळ, जागा, कोण होतं, नेमकं काय बोललं गेलं. मेसेज असतील तर स्क्रीनशॉट. कागद तिच्याकडे ठेवा. मग तिला रस्ते सांगा. कॉलेजची अँटी-रॅगिंग समिती, राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. महाराष्ट्राचा रॅगिंगबंदी कायदा १९९९ चा आहे, मेडिकल कॉलेजांसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे (एनएमसी) २०२१ चे नियम आहेत, आणि दलित-आदिवासींसाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा. कुठला रस्ता धरायचा ते तिनं ठरवायचं. समितीसमोर जाताना बाहेरच्या बाकावर तुम्ही बसायचं.

एका बाबतीत गुप्ततेचं वचन देऊ नका, आणि हे पहिल्याच भेटीत सांगून ठेवा. कुणी म्हणालं की जगावंसं वाटत नाही, तर त्या रात्री त्याला एकटं सोडायचं नाही. सरळ विचारायचं, जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्यानं विचार डोक्यात घातला जात नाही. वॉर्डन आणि सायकियाट्रीचे ऑन-कॉल डॉक्टर यांना कळवायचं; टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो. तुम्ही एकोणीस-वीस वर्षांचे आहात, एकट्यानं हे पेलायचं नाही.

वॉर्डात उलटं होतं

सेकंड इयरपासून क्लिनिक्स सुरू होतात आणि तिथं गंमत होते. इतके दिवस मागच्या बाकावर बसलेला पोरगा पेशंटजवळ एकदम मोठा होतो.

आमच्या वॉर्डात पंचविशीतली एक बाई होती, तांड्यावरची. माझ्या ज्युनिअरच्या बॅचमधल्या मुंबईच्या मुलीनं हिस्ट्री घेतली. बाई म्हणाली, "जीव घाबरा होतो." मुलीनं लिहिलं, अँग्झायटी. शेजारी उभी असलेली माझी ज्युनिअर पुढं झाली आणि गोरमाटीत विचारायला लागली. चालताना होतो की बसल्याबसल्या? पाण्याचा हंडा घेऊन आल्यावर? रात्री उठून बसावं लागतं का? डोक्याखाली उशा किती? लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का? बाईनं सगळ्याला मान हलवली. तो घाबरेपणा म्हणजे धाप होती. सरांनी स्टेथोस्कोप लावला आणि मायट्रल स्टेनोसिसचा, म्हणजे हृदयाची झडप अरुंद झाल्याचा, मर्मर सगळ्यांना एकेक करून ऐकवला.

त्या दिवसापासून आम्ही एक वही ठेवली आहे, पेशंटच्या शब्दांची. उसण, चमक, मुरडा, करपट ढेकर, अंगावरून जाणं, हातपाय गळून जाणं, डोकं भणभणणं. प्रत्येक शब्दापुढं कोणता प्रश्न विचारायचा ते. ही वही ज्युनिअर लिहितात आणि सिनिअर वाचतात. पावरी, माडिया, कोलामी, अहिराणी येणारं पोरगं तुमच्या गटात असेल तर ही वही पहिल्या महिन्यातच त्याच्या हातात द्या. मात्र त्याला वॉर्डाचा फुकट दुभाषा करून टाकू नका. युनिट त्याला दिवसभर "इकडे ये, जरा बोल हिच्याशी" म्हणून पळवायला लागलं तर त्याची स्वतःची केस राहते.

सोबत कधी थांबवायची? फर्स्ट इयरचा निकाल लागला की. तसं सांगून थांबवा, आपोआप विरू देऊ नका. काही ज्युनिअर निकालाच्या कितीतरी आधीच फोन करायचे बंद होतात. त्यांना त्यांचे मित्र मिळालेले असतात, वाईट वाटून घेऊ नका. पण एखादा मेसमध्येही दिसेनासा झाला तर खोलीवर जाऊन दार वाजवा. फरक कळतो.

निकालानंतर सगळे एकदा बसतो, पेटी उघडतो, वहीतली नावं वाचतो आणि वस्तू मोजतो. यंदा एक स्टेथोस्कोप कमी भरला आणि डावी क्लॅव्हिकल सापडत नाहीये. ज्याच्याकडे असेल त्यानं गुपचूप पेटीत आणून ठेवावी. नवी बॅच आली की पहिल्याच आठवड्यात लागते.